तापलेला ब्रेक-ड्रम, काळा धूर आणि हौद्यातला भोवरा

जुनी डिझेल पिकअप ॲव्हरेज देईनाशी झाली की सगळा संशय इंजिनावर जातो. ते उघडण्याआधी एक करून बघा. दहा-पंधरा किलोमीटर गाडी चालवा, थांबताना ब्रेक अगदी हलका लावा आणि खाली उतरून प्रत्येक चाकाच्या मध्याजवळ हात न्या. टेकवू नका, भाजेल. तीन चाकं कोमट आणि एकाची धग लागतेय? त्याचा ब्रेक सुटतच नाहीये. ती धग म्हणजे तुमचं डिझेल. लिटरमागे साधारण 36 मेगाजूल ऊर्जा मिळते, त्यातली निम्म्याहून जास्त सायलेन्सर आणि रेडिएटरवाटे उष्णता होऊनच जाते. उरलेल्यातला वाटा असा चिकटलेला ब्रेक आणि कमी हवेचे टायर खातात.

इंजिनाची तब्येत धुरावरून कळते. जुन्या डिझेल इंजिनात हवा कमी-जास्त करणारी झडप सहसा नसते. हवा येईल तेवढी येते, ताकद कमी-जास्त होते ती डिझेलच्या मात्रेवर. त्यामुळे एअर फिल्टर तुंबला किंवा टर्बोचा (इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याचा) होस फाटला, की डिझेल तेवढंच आणि हवा अपुरी. अर्धवट जळालेल्या डिझेलची काजळी मागून काळी बाहेर पडते. इंजिनात डिझेल फवारणारं नोझल झिजलं तरी हेच. त्यातून धुक्यासारखा फवारा उडायला हवा, तिथे थेंब गळू लागतात, आणि थेंब वरवर जळतो. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, काढून टाकण्याची काही मिस्त्रींना हौस असते. मग इंजिन धड तापतच नाही आणि ॲव्हरेज आणखी घसरतो.

पण लांबच्या रस्त्यावर सगळ्यात खादाड असतो वारा. त्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो: ताशी 80 ऐवजी 100 ने गेलात, तर हवेचा रेटा 56 टक्क्यांनी जास्त. यावर पिकअपवाल्यांचा लाडका उपाय म्हणजे मागचा फाळका उघडा ठेवायचा, वारा आरपार जाईल! मलाही ते पटायचं. प्रत्यक्षात फाळका बंद असताना हौद्यात हवेचा एक भोवरा फिरत राहतो आणि वरची हवा त्यावरून घसरत पुढे जाते. फाळका उघडला की तो भोवरा मोडतो, आणि विरोध बहुधा वाढतोच.

उतारावर न्यूट्रल करणं हीसुद्धा खोटी बचत. गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर सोडला की पंप डिझेल जवळजवळ बंदच करतो, इंजिनाला चाकंच फिरवतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला डिझेल लागतं, वर इंजिनाचा ब्रेक हातचा जातो.

ॲव्हरेज काढताना एका टाकीवर विसंबू नका. भरताना डिझेलला फेस येतो, टाकी फुल्ल दिसते आणि असते थोडी कमी. निदान तीन टाक्यांची सरासरी घ्या. आणि मूळ मापापेक्षा मोठे टायर घातले असतील तर मीटर कमी किलोमीटर मोजतो: व्यास 5 टक्के मोठा, तर 100 किलोमीटरचे जेमतेम 95 दिसतात. ‘पडलेल्या’ ॲव्हरेजमधला तेवढा भाग गाडीने खाल्लेलाच नसतो.