मेंदूत भांगेचा साठा नसतो

महाशिवरात्रीपासून रंगपंचमीच्या गेरपर्यंत, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीपर्यंत, इंदूरात ठंडाईचा विषय निघत नाही असं घर विरळा. यंदा आमच्या कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी मेसेज ढकलला: मेंदूत ‘आनंदग्रंथी’ असते, तिच्यात नैसर्गिक भांग साठलेली असते, अमुक मुद्रा केली की ती पाझरते. खाली हात जोडणाऱ्यांची रांग.

अशी ग्रंथी नाही आणि साठाही नाही. खरं एवढंच की भांगेतलं नशा आणणारं टीएचसी मेंदूतल्या पेशींवरच्या ज्या सीबी-वन ग्राहीवर (रिसेप्टरवर) बसतं, त्यावर बसणारे आपले स्वतःचेही रेणू आहेत. त्यातलं आनंदामाइड 1992 मध्ये डुकराच्या मेंदूत सापडलं, टू-एजी 1995 मध्ये. दोन्ही स्निग्ध, पिशवीत भरून ठेवावेत तर तिच्या पटलातून (पातळ आवरणातून) निसटून जातील. म्हणून इंदूरच्या सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीत गिऱ्हाईक पुढे उभं राहिल्यावर मालपुवा कढईत सोडतात, तसं पेशी ते मागणी आल्यावरच बनवते.

बनवते आपल्याच पटलातून. पटलातल्या फॉस्फोलिपिडच्या रेणूत ग्लिसरॉलचे तीन कार्बन असतात. पहिल्या दोहोंवर मेदाम्लांच्या लांब शेपट्या, तिसऱ्यावर फॉस्फेटचं डोकं. पहिल्या जागी बहुधा संपृक्त, ताठ शेपटी. ॲराकिडोनिक आम्ल या मेदाम्लाची वाकडी शेपटी बहुतेकदा दुसऱ्या जागी. कागदावर काढून बघा, कारण सगळी मेख या जागांत आहे.

चेतापेशीत कॅल्शियम वाढलं की एन-ॲसिलट्रान्सफरेज हे विकर (एन्झाइम) कामाला लागतं. ते एका फॉस्फोलिपिडची पहिल्या जागेवरची शेपटी काढून शेजारच्या फॉस्फॅटिडिलइथॅनॉलअमाइन या दुसऱ्या फॉस्फोलिपिडच्या डोक्यातल्या नायट्रोजनला जोडतं. झाला तीन शेपट्यांचा रेणू, नेप. मग नेप-पीएलडी हे जस्त बाळगणारं विकर त्याला फॉस्फेटपाशी कापतं आणि तिसरी शेपटी इथॅनॉलअमाइनसकट सुटते. ती ॲराकिडोनिक असेल तर आनंदामाइड. पण शेपटी उचलली पहिल्या जागेवरून, आणि तिथे ॲराकिडोनिक क्वचितच! म्हणजे ज्याचा एवढा गाजावाजा, ते आनंदामाइड या वाटेवर जेमतेम हाती लागतं. ढीग पडतो तो दुसऱ्या शेपट्या घेतलेल्या भावंडांचा. त्यातलं पामिटॉइलइथॅनॉलअमाइड सूज आवरतं. 1957 मध्येच ते अंड्याच्या बलकात आणि शेंगदाण्याच्या तेलातही आढळलं होतं. ओलिऑइलइथॅनॉलअमाइड उंदरांची भूक मंदावतं. सीबी-वनशी दोघांचंही फारसं देणंघेणं नाही.

टू-एजीचं उलट. तिथे आधी फॉस्फेटचं डोकं उडतं, मग डायॲसिलग्लिसरॉल लायपेज पहिल्या जागेवरची शेपटी कापून टाकतं आणि दुसऱ्या जागेवरची ॲराकिडोनिक तशीच राहते; हेच टू-एजी. त्यामुळे मेंदूत टू-एजी आनंदामाइडच्या शेकडो पट असतं. चेतापेशींमधल्या फटीतून उलटा प्रवास करून, संदेश धाडणाऱ्या पेशीला ‘आता पुरे’ म्हणण्याचं काम मुख्यतः तेच करतं.

नेप-पीएलडीचं जनुक काढून टाकलेल्या उंदरांवरचं काम 2006 मध्ये प्रसिद्ध झालं. त्यांच्या मेंदूतलं आनंदामाइड फारसं घटलंच नाही! म्हणजे नेपपासून तिथे पोचायच्या आडवाटाही आहेत. ते शेपटी उचलणारं विकर नेमकं कोणतं प्रथिन, हे 2016 मध्ये कळलं; त्या शोधनिबंधाच्या लेखकांत सिद्धेश कामत आहेत, जे पुढे पुण्याच्या आयसर या विज्ञान शिक्षण-संशोधन संस्थेत आले.

‘मेंदूतलं आनंदामाइड वाढवा’ म्हणत महागडी तेलं विकणाऱ्यांना ही गुंतागुंत परवडणारी नाही. आनंदामाइड बनतं तसं लगेच मोडतंही. मोडणाऱ्या विकराचं नाव फा. त्याला अडवणारं एक औषध गुडघ्याच्या संधिवातावर देऊन पाहिलं गेलं. विकर अडलं, रक्तातलं आनंदामाइड वाढलं, पण गुडघे दुखायचे थांबले नाहीत. 2016 मध्ये फ्रान्समधल्या रेन शहरात अशाच दुसऱ्या औषधाच्या चाचणीत एक निरोगी स्वयंसेवक दगावला. पुढच्या वर्षी संशोधकांनी तपासलं तेव्हा दिसलं, की ते औषध फासोबत मेद मोडणाऱ्या इतरही बऱ्याच विकरांना जाऊन चिकटत होतं.