टरफल म्हणजे अंडं नव्हे: गोगलगायीचं प्रोटीन आणि कॅल्शियम

आमच्या घरची ‘चकली’ फराळाच्या डब्यातली नाही. जास्वंदीच्या कुंडीबरोबर रोपवाटिकेतून न मागता आलेली शंखी गोगलगाय आहे ती. शंखाचे वेढे बघून सातवीतल्या भाचीनं नाव ठेवलं आणि खाण्यापिण्याचं खातंही स्वतःकडे घेतलं. दोन महिने काकडी आणि अंड्याच्या टरफलाचा चुरा चालू होता. एकदा मी विचारलं, “प्रोटीन काय देतेस गं तिला?” तर म्हणाली, “मावशी, अंडं देते की रोज!”

अंडं ती स्वतः खात होती. चकलीच्या वाटीत यायचं ते टरफल.

कोंबडीच्या एका अंड्यात साधारण 6 ग्रॅम प्रोटीन असतं, ते पांढऱ्यात आणि बलकात. टरफल मात्र जवळजवळ सगळं कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनखडीच. पण घोळ होतो तो एकट्या भाचीचा नाही. लहानपणापासून आपण ‘दूध पी, हाडं मजबूत होतील, ताकद येईल’ हे एका दमात ऐकतो. दुधात दोन्ही असतं, म्हणून डोक्यात दोन्हीचं एकच गाठोडं होतं. गोगलगायीच्या ताटात ते सोडावं लागतं.

गोगलगायीचं अंग, पोटाखालचा तो रुंद पाय, वाढ, अंडी घालणं, हे सगळं प्रोटीनवर चालतं. तिच्या चिकट द्रावात पाणी जास्त, पण त्याला तार येते ती प्रथिनांमुळे. शंख कॅल्शियमचा. इथपर्यंत सोपं आहे. गंमत पुढे आहे: शंखात कॅल्शियम कार्बोनेटच्या थरांना धरून ठेवणारं जाळं प्रथिनांचं असतं आणि शंखाची वरची तपकिरी सालही प्रथिनांचीच. चादरीला उभा धागाही लागतो आणि आडवाही, हे सोलापूरकराला वेगळं सांगायला नको. त्यामुळे नुसता टरफलाचा डोंगर घातला तरी शंख वाढत नाही. आणि शंख वाढतो तो फक्त तोंडाच्या कडेला. तिथे नवी पट्टी चढत जाते, मागचे वेढे आहेत तसेच राहतात.

आमच्याकडे दोन्ही चुका रांगेनं झाल्या. काकडी-टरफलाच्या दोन महिन्यांत शंख भाचीच्या पट्टीवर 3 सेंटीमीटरला अडकून बसला होता. टणक होता, पण तसूभर पुढे सरकेना. काकडीत 95 टक्के पाणी, वाढायचं कशावर? मग मी हौसेनं उकडलेलं सोयाबीन सुरू केलं. चकलीनं अशी मुसंडी मारली की पंधरा दिवसांत नवी पट्टी दिसायला लागली. त्या आनंदात टरफल कुटायचं राहून गेलं. एक दिवस कुंडी पुसताना तिला उचललं, तर अंगठ्याखाली शंखाची कड कांद्याच्या पापुद्र्यासारखी चुरकन मोडली. बिचारी आत ओढली गेली आणि दोन दिवस बाहेर आली नाही.

आता आम्ही तिची विष्ठा बघतो. हसू नका, गोगलगायीच्या बाबतीत याहून खरा हिशेब नाही. गाजर खाल्लं की नारिंगी, कोथिंबिरीची हिरवी, कॅल्शियम खाल्लं की पांढरी. आठवडाभर पांढरं काही दिसलं नाही तर ती वाटीकडे फिरकलेलीच नाही असं समजायचं. एकाच डब्यात दोन-तीन असतील आणि एकमेकींच्या शंखावर बसून खरवडत असतील, तर आधी कॅल्शियमकडे बघा. शंख धड आहे, पण ऐन वाढीच्या वयात महिनोनमहिने माप तेच, तर प्रोटीनकडे.

प्रोटीनसाठी सोलापुरात लांब जायची गरज नाही. भिजवून मऊ उकडलेलं सोयाबीन सगळ्यात सोयीचं. सुक्या दाण्यात 36 टक्क्यांच्या पुढे प्रोटीन. कच्चं देऊ नका, त्यात प्रथिनं पचू न देणारे घटक असतात, ते उकडल्यावर निकामी होतात. तूरडाळ, मूगडाळ बिनमिठाची शिजवलेली चालते, सुक्या डाळीत 22 टक्क्यांच्या आसपास. शेंगदाण्यात 25 टक्के आहे, पण तेलही भरपूर. तेल काढून उरलेली पेंड बरी, चिमूटभर भिजवून. इथे एक धोका आपल्या गावाचा खास आहे. शेंगाचटणी आपल्याला कितीही प्रिय असली तरी तिची पुडी वाटीजवळ नेऊ नका. मीठ गोगलगायीच्या अंगातलं पाणी ओढून घेतं आणि ती तडफडून मरते. सुकटीचंही तेच: दोन-तीनदा पाणी बदलून भिजवल्याशिवाय नको, खारवलेली तर नकोच. उकडलेलं अंडं चालतं, आणि यावेळी खरोखर अंडंच! पालेभाजीत शेवग्याचा पाला मला सगळ्यात आवडतो: 100 ग्रॅममध्ये 6 ग्रॅमच्या वर प्रोटीन आणि वर भरपूर कॅल्शियम. दोन्ही एका पानात देणारा आपल्या परसातला हा गडी.

कॅल्शियमसाठी टरफल धुऊन, वाळवून, पिठासारखं कुटायचं. त्याहून सोपा समुद्रफेस, म्हणजे कटलफिश या समुद्री प्राण्याच्या अंगातलं पांढरं, ठिसूळ कवच. मधल्या मारुतीकडे काष्ठौषधीच्या दुकानात मागितला तर दुकानदार म्हणाला, “लव्हबर्डला का?” मी गोगलगायीला म्हटल्यावर त्यानं तो कागदात बांधता बांधता दोनदा वर बघितलं. रात्री दिवे बंद केल्यावर कान दिला की चकली त्यावर जीभ घासत असल्याची बारीक खरखर ऐकू येते. तिच्या जिभेवर हजारो सूक्ष्म दात असतात, काहीही खाणं म्हणजे कानस चालवणंच. पालकावर मात्र विसंबू नका, त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियमला बांधून ठेवतं. आणि पानाच्या डब्यातला चुना? अजिबात नाही. चुना म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड. टरफलाच्या चुऱ्यासारखाच पांढरा, पण दाहक. तिचा ओला पाय भाजेल.

देण्याच्या पद्धतीत तर दोघांचा मेळच नाही. कॅल्शियम कायम समोर ठेवायचं, मोजायचं नाही. लागेल तेवढं ती घेते, बाकीचं पडून राहिलं तरी बिघडत नाही. प्रोटीन मोजून, संध्याकाळी. आमच्याकडे आठवड्यातून दोनदा सोयाबीनचे दोन दाणे ठेचून, बाकी दिवस पाला, दोडका, दुधी. सकाळी उरलेलं उचलायचंच. सोलापूरच्या हवेत शिजवलेली डाळ दुपारपर्यंत आंबते, आणि मग मुंग्या, चिलटं आणि वास, तिन्ही एकदम. हात मात्र दर वेळी साबणानं धुवायचे. या जातीतून उंदरांच्या फुप्फुसातला जंत माणसात येऊ शकतो.

सोयाबीन ठेचताना मला दर वेळी थोडं अपराधी वाटतं. 2022 च्या खरिपात याच शंखी गोगलगायींनी लातूर, बीड, धाराशिवकडे सोयाबीनची कोवळी रोपं रातोरात साफ केली होती. मूळची पूर्व आफ्रिकेची ही जात बेन्सन नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्यानं 1847 साली मॉरिशसहून कोलकात्याला आणली, तिथून ती देशभर झाली. एका खेपेला शेकडो अंडी घालते आणि नर-मादी दोन्ही एकाच अंगात. त्यामुळे चकलीची अंडी मातीत दिसली की मी ती फ्रीझरमध्ये गोठवून मगच टाकते. भाचीला ते पटलेलं नाही. आणि कंटाळा आला म्हणून गोगलगाय शेतात किंवा बागेत सोडायची नाही, यावर आमच्या घरात चर्चाच होत नाही.

एप्रिल संपता संपता पारा चाळिशीच्या वर गेला, तसं चकलीनं शंखाच्या तोंडावर पांढरट पापुद्रा ओढून घेतला. भाची दोन्ही वाट्या पुढेमागे सरकवत बसली, “मावशी, आता ह्यातलं काय कमी पडलं गं?” काहीच नाही. उन्हाळा टळेपर्यंत ती अशीच झोपते. गोणपाट ओलं करून कुंडी सावलीत ठेवली. समुद्रफेस वाटीत तसाच राहिला, आणि त्या दिवशीचं उकडलेलं सोयाबीन मीठ-तिखट लावून मी खाल्लं.