विभक्त पालक आणि मुलांची पोटगी : मुंबईत अर्ज कसा करावा, थकबाकी कशी वसूल करावी

आईवडील वेगळे राहू लागले तरी मुलांच्या पालनपोषणाची जबाबदारी संपत नाही, आणि पोटगी मागण्यासाठी घटस्फोट झालेला असण्याची अटही नाही. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 125 खाली होणारा अर्ज 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 खाली केला जातो. हा मार्ग सर्वधर्मीयांना खुला असून मूल औरस आहे की अनौरस, याने फरक पडत नाही. अज्ञान (18 वर्षांखालील) मुलांबरोबरच व्यंगामुळे स्वतःचा निर्वाह करू न शकणाऱ्या सज्ञान मुलांनाही, विवाहित मुलगी वगळता, पोटगी मिळू शकते. हिंदू कुटुंबातील सज्ञान, अविवाहित आणि उत्पन्न नसलेल्या मुलीने मात्र 1956 च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याच्या कलम 20 चा आधार घ्यावा.

पती दुसऱ्या जिल्ह्यात असला तरी पत्नी मुलांसह मुंबईत राहत असल्यास वांद्रे-कुर्ला संकुलातील कुटुंब न्यायालयात अर्ज करता येतो. वकिलाचा खर्च झेपत नसेल, तर स्त्रियांना आणि मुलांना उत्पन्नाची मर्यादा न पाहता विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो.

अर्जासोबत विवाहाचा पुरावा, मुलाचा जन्मदाखला, रहिवासाचा पुरावा, शाळेच्या फीच्या पावत्या आणि औषधोपचाराची बिले जोडावीत. खरे वजन असते ते मालमत्ता व दायित्वांच्या प्रतिज्ञापत्राला. सर्वोच्च न्यायालयाने 4 नोव्हेंबर 2020 रोजी रजनेश विरुद्ध नेहा या प्रकरणात ते दोन्ही पक्षांना बंधनकारक केले आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी, असेही सांगितले. त्यामुळे शिकवणी, स्कूलबस, घरभाड्यातील मुलाचा वाटा असे खर्च मोघम न लिहिता महिन्याच्या हिशेबाने मांडावेत. अंतरिम पोटगीचा अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो 60 दिवसांत निकाली काढावा, असे कायदा म्हणतो. ‘शक्यतो’ हा शब्द मात्र तारखा घेणाऱ्यांच्या चांगलाच पथ्यावर पडतो.

रक्कम बँक खात्यातच घ्यावी, म्हणजे कोणता हप्ता आला आणि कोणता थकला, याचा वाद उरत नाही. थकलेल्या रकमेसाठी ती देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज करावा, अन्यथा कलम 144 खाली तिच्या वसुलीचे वॉरंट निघत नाही. समजुतीच्या बोलण्यांत हे वर्ष सहज निघून जाते. वॉरंट बजावूनही रक्कम न आल्यास थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते, आणि ती भोगल्याने थकबाकी फिटत नाही. मुलाला भेटू दिले जात नाही, ही तक्रार खरी असली तरी त्यासाठी पोटगी थांबवता येत नाही. भेटीसाठी स्वतंत्र अर्ज करावा लागतो.