एका ‘फ्री’ शब्दाने मेल स्पॅममध्ये जात नाही

विषयात ‘फ्री’ लिहिलं की मेल थेट स्पॅममध्ये, हा समज वर्षानुवर्षं फिरतोय, आणि त्यापायी लोक शब्द बदलत बसतात. मेल सर्व्हरवर स्पॅम गाळणारा स्पॅमअसॅसिन हा प्रोग्राम एका शब्दावर निकाल देत नाही. तो लागू पडलेल्या सगळ्या नियमांचे गुण जोडतो आणि बेरीज 5 किंवा जास्त झाली (हे मूळ सेटिंग) तरच शिक्का मारतो. म्हणून चांगला मेल अडकला किंवा स्पॅम आत आला, तर आधी त्या मेलचं ‘एक्स-स्पॅम-स्टेटस’ हेडर (मजकुराआधीची तांत्रिक माहितीची ओळ) वाचा. कोणते नियम लागले ते तिथे लिहिलेलं असतं. ‘यूआरआयबीएल_ब्लॉक्ड’ दिसलं तर मजकुराला हात लावू नका. सर्व्हर बहुधा 8.8.8.8 सारख्या सार्वजनिक डीएनएसमार्फत (डीएनएस म्हणजे इंटरनेटवरच्या नावांची माहिती शोधून देणारी सेवा) विचारतोय आणि स्पॅममधल्या लिंकांची काळी यादी चालवणारे उत्तर नाकारताहेत, म्हणून खरा स्पॅम सुटतो. सर्व्हरवरच अनबाउंड हा डीएनएस प्रोग्राम बसवा, फॉरवर्डिंग न ठेवता, म्हणजे प्रश्न दुसऱ्या डीएनएसकडे न पाठवता. नियम बदललात तर स्पॅमडी (स्पॅमअसॅसिनचा मागे सतत चालणारा भाग) रीस्टार्ट करा, नाहीतर जुनेच चालू राहतात.