एस्त्रेलाचा कुत्रा, पर्वरीचा फ्लॅट

गोव्यात पर्वरीला मावसभावाने पिल्लू आणलं तेव्हा ते उशीएवढं होतं. दीड वर्षात ते धूड ५० किलोंच्या घरात गेलंय. दिवसभर बाल्कनीतल्या ओल्या लादीवर पोट टेकून धापा टाकतं आणि पहाटे पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा ऐकला की अख्खी इमारत उठवतं. सोसायटीच्या बैठकीत कारणही ठरलं : 'कच्चं मांस खातो, म्हणून माजलाय.' कच्च्या मांसाने कुत्रा हिंस्र होत नाही, फार तर त्याचं पोट बिघडतं. मला विचाराल तर तो ड्युटीवर आहे.

ही जात पोर्तुगालच्या सेर्रा दा एस्त्रेला डोंगरांतली. माथा १,९९३ मीटर; देशाच्या मुख्य भूमीवर याहून उंच काही नाही. मेंढपाळ उन्हाळ्यात कळप वरच्या कुरणांत चढवायचे, थंडीला खाली आणायचे. वाटेत लांडगे. म्हणून कुत्र्याच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा असे, नरडं धरता येऊ नये यासाठी.

मेंढ्यांचे कुत्रे दोन तऱ्हांचे : वळणारे आणि राखणारे. लोक दोघांची सरमिसळ करतात. शिकार ही खरं तर कड्यांची साखळी आहे. नजर रोखणं, दबा धरणं, पाठलाग, चावा, मारणं, फाडणं. बॉर्डर कोलीसारख्या वळणाऱ्या कुत्र्यात माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवड करून पहिल्या तीन कड्या ठळक केल्या, पुढच्या दाबल्या. राखणाऱ्यात जवळजवळ सगळी साखळीच ढिली. मेंढरू उधळलं तरी तो जागचा हलत नाही.

पण मेंढी 'आपली' हे त्याला कोण सांगतं? रक्त नव्हे, वेळ. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून साधारण बाराव्या-चौदाव्यापर्यंत पिल्लाच्या मेंदूत एक खिडकी उघडी असते. सुरुवातीला कुतूहल भीतीच्या पुढे धावतं. मग भीती वाढत जाते आणि कुतूहलाला गाठून मागे टाकते. तोवर ज्यांचा वास, आवाज, स्पर्श ओळखीचा झाला ते घरचे, बाकी परके. १९६१मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही पिल्लांना १४ आठवडे माणसाचा संपर्कच दिला नाही. ती पुढे रानटी जनावरांसारखी बुजरीच राहिली. लांडग्याची खिडकी दुसऱ्याच आठवड्यात उघडते, पण तेव्हा त्याला फक्त वास कळतो. कुत्र्याची चौथ्यात, कान चालू झाल्यावर. प्राण्यांच्या वर्तनाच्या अभ्यासक कॅथरिन लॉर्ड यांनी हा फरक २०१३मध्ये दाखवला. 'लांडग्याचं रक्त' म्हणून पिल्लं लाखांत विकणारे हे सांगत नाहीत.

मेंढपाळांना खिडकी ठाऊक नव्हती, युक्ती ठाऊक होती. १८३३मध्ये उरुग्वेत डार्विनने ती पाहिली : पिल्लाला लहानपणीच आईपासून तोडायचं, दिवसातून तीन-चार वेळा मेंढीला पाजायचं, मेंढवाड्यातच लोकरीचं अंथरूण करायचं, दुसऱ्या कुत्र्यांत किंवा घरच्या पोरांत मिसळू द्यायचं नाही. मोठा झाल्यावर तो कळप सोडत नाही.

मारामारी अशा कुत्र्याला क्वचितच करावी लागते. तो मध्ये येऊन उभा राहतो, भुंकतो, शिकाऱ्याचा डाव उघडा पडतो आणि लांडगा पुष्कळदा निघून जातो.

२०२०च्या जानेवारीत गोव्याच्या सत्तरी तालुक्यात, गोळावलीजवळ म्हादई अभयारण्यात एक वाघीण आणि तीन बछडे मेलेले सापडले. गुरं मारली म्हणून विष घातल्याचा संशय. तेव्हापासून मला कुणी ना कुणी विचारतं, असले कुत्रे धनगरांना का देऊ नयेत? पोर्तुगालमध्ये १९८८पासून लांडग्याला कायद्याचं संरक्षण आहे आणि तिथे मेंढपाळांना राखणदार पिल्लं दिलीही जातात. पण वाघ म्हणजे लांडगा नव्हे, बिबट्या तर कुत्रेच खातो, आणि ती दुहेरी लोकर चैत्रातल्या वाळपईत कोण सोसणार? करून बघायचंच तर शेळ्यांच्या गोठ्यात गावठी पिल्लू वाढवावं.

मावसभावाच्या पिल्लाचं लसीकरण पूर्ण होईपर्यंत त्याला खाली नेलंच नाही. त्या आठवड्यांत त्याला भेटली ती चार माणसं आणि एक आजी. पोदेर दिसला चौथा महिना उलटल्यावर. आता पोदेर गेटापाशीच थांबतो आणि उंडे आणायला मावसभाऊ लुंगीवर तीन मजले उतरतो.