ढेकूण की पिसवा? चावतंय कोण ते आधी ठरवा

सकाळी उठल्यावर अंगावर लाल गांधी दिसल्या, खाज थांबेना झाली, की घरात पहिला संशय येतो ढेकणांवर. घरात मांजर किंवा कुत्रा असेल तर पिसवांवर. दोन्ही संशय रास्त असतात, पण कोणता खरा ते न पाहताच बहुतेक जण फवारणीची बाटली हातात घेतात आणि तिथेच घोळ होतो. गादीवर औषध मारून पिसवा जात नाहीत. मांजराला कितीही आंघोळी घातल्या तरी ढेकणांचं काही बिघडत नाही. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी अशी गत होते आणि मधल्या आठवड्यांत कीड निवांत वाढते.

दोघंही रक्तावर जगतात, दोघांनाही उडता येत नाही, दोघंही माणसाला चावतात. साम्य जवळपास इथेच संपतं. खरा फरक मुक्कामाचा आहे. मोठी झालेली पिसू ज्याचं रक्त पिते त्याच्याच अंगावर, केसांत राहते, आणि तो प्राणी बहुधा कुत्रा, मांजर किंवा उंदीर असतो. ढेकूण अंगावर राहत नाही. पोट भरलं की तो उतरतो आणि जवळच्या फटीत जाऊन बसतो. कुठे शोधायचं, काय धुवायचं, औषध कुठे लावायचं, हे सगळं या एका गोष्टीवर ठरतं.

चाव्यांवरून निकाल लावू नका

पिसवा बहुधा घोट्याभोवती आणि पोटऱ्यांवर चावतात, कारण त्या जमिनीवरून उडी मारून येतात. लहान पुळी, तिच्या मधोमध बारीक ठिपका आणि खाज जवळजवळ लगेच. वेळकाळ त्यांना नसतो, दिवसाढवळ्याही चावतात. ढेकूण मात्र बहुतेक रात्रीच येतो. आपल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड आणि अंगाची ऊब त्याला वाट दाखवतात. उघडे राहिलेले हात, मान, चेहरा, पाठ अशा जागी तो पाच-दहा मिनिटं रक्त पितो. चावताना सहसा कळतही नाही. कधी दोन-तीन गांधी एका ओळीत दिसतात.

हे वर्णन खरं असलं तरी त्यावर सगळा भार टाकू नये. जमिनीवर अंथरूण घालून झोपणाऱ्याला पिसवा अंगभर चावू शकतात. शिवाय गांध उठते ती आपल्या शरीराच्या प्रतिक्रियेमुळे, आणि ती प्रत्येकाची वेगळी असते. काहींच्या अंगावर ढेकणाच्या चाव्याची खूणसुद्धा उमटत नाही, तर काहींना ती काही दिवसांनी दिसते. एकाच गादीवर झोपणाऱ्या दोघांपैकी एकाचे हात सुजलेले आणि दुसऱ्याला काहीच नाही, हे अगदी शक्य आहे. म्हणून ‘मला तर काही चावत नाही, तुझ्याच मनाचे खेळ’ असं कृपया कुणाला म्हणू नका. ज्याला चावतंय तो आधीच झोप हरवून बसलेला असतो. नुसत्या गांधी पाहून डॉक्टरांनाही खात्रीने सांगता येत नाही. पुरावा घरात शोधावा लागतो.

किडा हाती लागला तर

मग प्रश्न सोपा आहे. पारदर्शक चिकटपट्टीवर तो पकडा आणि उजेडात बघा. पूर्ण वाढलेला ढेकूण ५ ते ७ मिलिमीटरचा, लंबगोल आणि तांबूस तपकिरी असतो. पिसू १.५ ते ३ मिलिमीटरची, जास्त काळपट. दोघांचंही अंग चपटं असतं, पण ढेकूण आडव्या ठेवलेल्या नाण्यासारखा, तर पिसू उभ्या धरलेल्या नाण्यासारखी. ढेकणाला फटीत शिरायचं असतं आणि पिसवेला केसांमधून वाट काढायची असते, हे लक्षात घेतलं की दोन्ही आकार आपोआप समजतात. रक्त प्यायलेला ढेकूण मात्र फुगून लांबट आणि लाल होतो, आणि पहिल्यांदाच पाहणाऱ्याला तो वेगळाच किडा वाटतो.

बोट जवळ नेल्यावर उडी मारून दिसेनासा झाला, तर तो ढेकूण नव्हे. ढेकूण फक्त चालतो. पिसू एका उडीत ३० सेंटीमीटरच्या आसपास अंतर सहज तोडते.

फसायला होतं ते ढेकणाच्या पिल्लांपाशी. अंड्यातून नुकतं बाहेर आलेलं पिल्लू जेमतेम दीड मिलिमीटरचं, म्हणजे पिसवेएवढंच, आणि इतकं फिकट असतं की पांढऱ्या चादरीवर दिसत नाही. रक्त प्यायल्यावर त्याच्या पारदर्शक पोटात लाल ठिपका दिसतो. वाढत्या वयात ते पाच वेळा कात टाकतं आणि प्रत्येक वेळी त्याआधी त्याला एकदा तरी रक्त लागतं. झुरळाच्या पिल्लालाही लोक ढेकूण समजतात, पण त्याच्या मिशा लांब असतात आणि पळ फार जोराचा.

किडा दिसलाच नाही तर

बहुतेक घरांत हीच परिस्थिती असते. अशा वेळी काळे ठिपके शोधा. दोघांचीही विष्ठा काळी असते आणि दोन्हींत पचलेलं रक्तच असतं, पण तिचं रूप वेगळं असतं.

ढेकणाची विष्ठा ओली पडते आणि पडल्या जागी वाळते. कापडावर ती पेनाची शाई झिरपावी तशी पसरते, लाकडावर काळा टिपका होऊन चिकटून बसते. हात फिरवला तर झटकली जात नाही. ओल्या बोळ्याने पुसली तर तपकिरी फराटा उमटतो. हे ठिपके एकेकटे क्वचितच असतात; जिथे ढेकूण दडतात तिथे त्यांची दाटी होते. त्यांच्याबरोबर फिकट पिवळसर रंगाच्या कोरड्या काती आणि चिकटवलेली, एक मिलिमीटरची पांढरी अंडीही सापडतात.

पिसवांची विष्ठा सुट्या, कोरड्या कणांची असते. मांजराच्या किंवा कुत्र्याच्या शेपटीच्या बुडाशी, मानेपाशी बारीक दातांची फणी फिरवा आणि निघालेली काळी भुकटी ओल्या पांढऱ्या कागदावर टाका. मिनिटाभरात प्रत्येक कणाभोवती तांबूस वलय पसरलं, तर त्या पिसवाच. नुसती माती असेल तर ती मातकटच राहते.

ढेकणांसाठी विजेरी आणि एखादं जुनं पातळ कार्ड घेऊन पलंगाकडे वळा. गादीची शिवण आणि गोट, कोपऱ्यातल्या घड्या, पलंगाच्या फळ्यांचे सांधे, स्क्रूची भोकं, उशाकडच्या फळीची मागची बाजू. कार्ड फटीतून सरकवलं की आत बसलेला बाहेर येतो. सुरुवातीला ते झोपण्याच्या जागेपासून दोन-अडीच मीटरच्या आतच असतात. संख्या वाढली की भिंतीवरच्या तसबिरी, विजेच्या बटणांच्या पट्ट्या, पडद्यांच्या चुण्या इथपर्यंत पोचतात. पिसवांसाठी पांढरे मोजे पोटरीपर्यंत चढवून प्राण्याच्या नेहमीच्या झोपण्याच्या जागेभोवती आणि गालिच्यावर थोडा वेळ फिरा. असतील तर मोज्यांवर काळे ठिपके उड्या मारताना दिसतील.

ढेकूण निघाले तर

आधी एक गोष्ट. ढेकूण अस्वच्छतेमुळे होत नाहीत. त्यांना रक्त हवं असतं, ते लख्ख घरातही मिळतं. प्रवासातल्या बॅगेतून, जुन्या फर्निचरमधून, शेजारच्या खोलीच्या भिंतीतून ते येतात. पसारा असेल तर त्यांना दडायला जागा मिळते, एवढाच त्याचा संबंध. लाजेपोटी गप्प बसणारं घर आणखी महिनाभर मागे पडतं, आणि तेवढ्यात शेजाऱ्यांकडेही ते पोचलेले असतात.

झोपायची खोली बदलू नका. तुम्ही जिथे जाल तिथे ते मागोमाग येतील आणि एका खोलीची कीड दोन खोल्यांत होईल. खोली बंद ठेवून त्यांना उपाशी मारण्याचा बेतही सोडा, कारण मोठे ढेकूण रक्तावाचून कित्येक महिने काढू शकतात.

सर्वांत भरवशाचं हत्यार उष्णता आहे. अंथरूण-पांघरूण आणि कपडे त्याच खोलीत पिशवीत भरून तोंड बांधा, मग धुवायला न्या. ६० अंशांचं पाणी किंवा ड्रायरमध्ये कडक उष्णतेवर अर्धा तास, यात अंडीसुद्धा मरतात. धुता न येणारी वस्तू उणे १८ अंशांच्या फ्रीजरमध्ये चार दिवस ठेवता येते. गादीच्या शिवणी आणि पलंगाचे सांधे व्हॅक्यूम क्लीनरने ओढून घ्या, पिशवी लगेच बांधून घराबाहेर टाका. नंतर वाफेचं यंत्र अगदी सावकाश फिरवा. घाईने फिरवलेली वाफ फक्त वरचं कापड ओलं करते. गादी उन्हात टाकण्यावर अनेकांचा विश्वास असतो, पण गादीची वरची बाजू तापते आणि ढेकूण सावलीच्या बाजूला सरकतात. उकळतं पाणी जिथे थेट पोचतं तिथे काम करतं, फटीच्या तळाशी ते पोचत नाही.

मग पलंग एकटा पाडायचा. भिंतीपासून दूर, चादर जमिनीला टेकणार नाही अशी, गादीला पूर्ण चेनबंद खोळ आणि चारही पायांखाली खोलगट वाट्या. उष्ण प्रदेशात आढळणारी ‘सायमेक्स हेमिप्टेरस’ ही जात गुळगुळीत कडाही चढू शकते, म्हणून वाटीत थोडं साबणाचं पाणी असलेलं बरं.

औषध लागतंच, पण ते प्रशिक्षित माणसाकडून आणि दडण्याच्या जागी. बाजारातली बरीच औषधं पायरेथ्रॉइड गटातली असतात आणि जगभरच्या ढेकणांनी त्यांना दाद न देण्याची ताकद कमावली आहे. खोलीभर धूर सोडणाऱ्या डब्यांची तर गरजच नाही. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठाच्या कीटकतज्ज्ञांनी २०१२ मध्ये असे डबे तपासले, तेव्हा आडोशाला बसलेल्या ढेकणांवर त्यांचा फारसा परिणाम दिसला नाही. अंडी ६ ते १० दिवसांत फुटतात आणि फवारणीतून बहुधा वाचतात, म्हणून १० ते १४ दिवसांनी दुसरी फेरी हवीच. ती टाळल्यामुळेच अनेकांचे ढेकूण ‘परत येतात’. खरं तर ते गेलेलेच नसतात. दोन महिने वाट्यांत आणि शिवणींत काहीही सापडलं नाही, की मग निर्धास्त व्हा.

आणि हे कळकळीने सांगते: धान्याला लावायच्या अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या गादीखाली किंवा खोलीत कधीही ठेवू नका. हवेतल्या ओलाव्याने त्यातून फॉस्फिन वायू सुटतो, तो शेजारच्या खोलीतही झिरपतो आणि त्यावर उतारा नाही. झोपेतच माणसं गेली आहेत. रॉकेल-पेट्रोल शिंपडणं म्हणजे आगीला आमंत्रण.

पिसवा निघाल्या तर

इथे पलंग दुय्यम आणि प्राणी मुख्य. घरातल्या सगळ्या कुत्र्या-मांजरांवर एकाच दिवशी उपचार करा, एकाला सोडलं तर सगळं व्यर्थ. औषध पशुवैद्यांना विचारूनच घ्या. कुत्र्यांसाठीची परमेथ्रिन असलेली औषधं मांजरांच्या जिवावर बेततात, त्यामुळे ‘थोडंसं उरलंय, मांजराला लावू’ असं चुकूनही करू नका.

प्राण्यावर दिसतात त्या पिसवा म्हणजे घरातल्या एकूण किडीचा छोटासा भाग. मादी दिवसाला ४०-५० अंडी घालू शकते, आणि ती चिकटत नसल्यामुळे प्राणी जिथे जिथे फिरतो तिथे तिथे सांडतात. त्यांतून अळ्या निघतात. त्या गालिच्याच्या मुळाशी, फरशीच्या भेगांत उजेड टाळून राहतात आणि मोठ्या पिसवांच्या वाळलेल्या विष्ठेवर पोसतात. पुढे अळी रेशमी कोष विणते, त्याला धूळ चिकटते आणि तो दिसेनासा होतो. ढेकणाच्या बाबतीत जो त्रास अंडं देतं, तो इथे हा कोष देतो. औषध त्याच्या आत सहसा पोचत नाही आणि आतली पिसू काही महिनेही थांबू शकते. पावलांची थरथर, ऊब आणि श्वास जाणवला की ती बाहेर पडते. बंद ठेवलेल्या घरात परतल्यावर पहिल्याच संध्याकाळी पायांवर पिसवांची झुंबड उडते, त्याचं कारण हेच.

त्यामुळे रोज व्हॅक्यूम फिरवा, विशेषतः प्राण्याच्या जागेभोवती आणि जड फर्निचरखाली. त्याच्या थरथरीने कोष फुटतात, हाही फायदाच. प्राण्याचं अंथरूण दर आठवड्याला ६० अंशांच्या पाण्यात धुवा. जमिनीसाठी औषध घेताना त्यात मेथोप्रीन किंवा पायरिप्रॉक्सिफेनसारखं वाढ रोखणारं द्रव्य आहे का ते पाहा, म्हणजे अंडी-अळ्यांची पुढची पिढी खुंटते. उपचार सुरू झाल्यावरही काही आठवडे नव्या पिसवा दिसत राहतील. त्या जुन्या कोषांतून येत असतात, औषध फसलेलं नसतं. उपचार केलेला प्राणी घरातच राहू द्या, बाहेर येणाऱ्या पिसवा त्याच्यावर चढतील आणि मरतील.

घरात पाळीव प्राणी नाही आणि तरी पिसवा निघाल्या, तर उंदरांचा माग काढा. ही बाब गंभीरपणे घ्यायची आहे. ढेकूण माणसात रोग पसरवतात असं आजवर सिद्ध झालेलं नाही, पिसवांचं तसं नाही. उंदरांवरच्या पिसवा प्लेग पसरवतात हे फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये दाखवलं, आणि एक प्रकारचा टायफस तापही त्यांच्यामार्फत येतो. म्हणून नुसते उंदीर मारून थांबू नका. मेलेला उंदीर गार पडला की त्याच्या अंगावरच्या पिसवा ऊब शोधत माणसाकडे वळतात. पिसवांचं औषध आधी किंवा सोबतच व्हायला हवं. मेलेल्या उंदराला उघड्या हाताने शिवू नका. अशा घरात कुणाला ताप चढला, काखेत किंवा जांघेत गाठ आली, तर पिसवा चावल्याचं डॉक्टरांना आवर्जून सांगा.