खारी हवा, डॉक आणि मधूनच काळा पडणारा मॉनिटर

डॉकला, म्हणजे मॉनिटर, माउस, नेट आणि चार्जिंग एकाच केबलने लॅपटॉपला जोडून देणाऱ्या छोट्या पेटीला, मॉनिटर लावून काम चाललेलं असतं. एकदम पडदा काळा होतो, उघड्या असलेल्या सगळ्या विंडोज लॅपटॉपच्या छोट्या स्क्रीनवर येऊन गोळा होतात, आणि दोन-तीन सेकंदांत मॉनिटर आपोआप परत चालू होतो. दिवसातून एकदा झालं तर माणूस सोडून देतो. मीटिंगमध्ये दोनदा झालं की मात्र चिडचिड होते. २०२० पासून मुंबई-पुण्याचं काम गावच्या घरातून करणारे कितीतरी जण रत्नागिरी, दापोली, मालवण, वेंगुर्ल्याकडे आहेत, आणि त्यांच्याकडून ही तक्रार मी वारंवार ऐकतो. पहिला संशय मॉनिटरवर जातो, कारण काळा तोच पडतो. माझं मत असं, की शोध डॉकपासून सुरू करावा. त्यातही चित्र नेणाऱ्या वेगवान तारांच्या आधी, शेजारच्या संथ तारांकडे आणि डॉकला मिळणाऱ्या विजेकडे पाहावं. समुद्राकाठच्या घरात या दोन गोष्टींना सगळ्यात जास्त सोसावं लागतं.

मॉनिटर जोडला की चित्र लगेच सुरू होत नाही, आधी बोलणी होतात. मॉनिटर निदान १२८ बाइटचा एक छोटा तक्ता पाठवून आपली ओळख देतो: कंपनी कोणती, रेझोल्यूशन किती, रिफ्रेश रेट किती. मग लॅपटॉप ठरावीक नमुने पाठवून तार तपासतो. समोरून 'नीट पोचलं' असं उत्तर आलं नाही तर सिग्नलचा जोर वाढवतो किंवा वेग उतरवतो. हे सगळं जमल्यावरच चित्र येतं. या सगळ्या वेळात मॉनिटरची 'मी जोडलेला आहे' ही खूण एका वेगळ्या तारेवर सतत चालू असते. डिस्प्लेपोर्ट या मॉनिटर जोडण्याच्या पद्धतीच्या नियमात ती खूण अर्धा ते एक मिलिसेकंद खाली गेली तर अर्थ होतो 'इकडे लक्ष द्या, काहीतरी बदललंय'. २ मिलिसेकंदांहून जास्त वेळ खाली राहिली, की मॉनिटर काढून घेतला असं धरलं जातं. मग ओळखीपासून सगळी बोलणी पुन्हा. तीन मिलिसेकंदांच्या दोषाने तीन सेकंदांचा अंधार होतो तो असा.

आता हे सगळं ज्या यूएसबी-सी जोडातून जातं तो जवळून पाहू. २०१४ साली आलेल्या या जोडात २४ पिना आहेत, वर १२ आणि खाली १२. एका टोकापासून मोजलं तर चौथी पिन विजेची. तिला लागून पाचवी पिन असते ती वाटाघाटीची. किती व्होल्ट द्यायचे, चित्र पाठवायचं की फक्त डेटा, हे तिच्यावरून ठरतं, आणि मॉनिटर जोडलेला असल्याची खूणही डॉक लॅपटॉपला तिच्यावरूनच निरोप म्हणून कळवतो. आठवी पिन मॉनिटरची ओळख आणि तार तपासण्याची उत्तरं नेते. डॉक थंडरबोल्टचा, म्हणजे याच जोडातून चालणाऱ्या वेगवान पद्धतीचा, असला तरी बाजूच्या निरोपांसाठी याच पिना वापरल्या जातात. आणि आठवीला लागून नववी, पुन्हा विजेची. लॅपटॉप डॉकवरून चार्ज होत असतो तेव्हा या विजेच्या पिनांवर बहुधा २० व्होल्ट असतात. दोन पिनांच्या मध्यांतलं अंतर फक्त अर्धा मिलिमीटर, मधली मोकळी फट त्याहूनही कमी. म्हणजे सगळ्यात नाजूक संवाद सगळ्यात जास्त व्होल्टेजच्या अगदी शेजारी चालतो. कोरड्या हवेत याने काही बिघडत नाही.

कोकणात हवा कोरडी नसते. लाटा फुटताना उडणाऱ्या बारीक तुषारांतलं मीठ खारे वारे आत आणतात. किनाऱ्यापासून पहिल्या काहीशे मीटरांत ते सर्वात जास्त बसतं. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको. साधं मीठ सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की हवेतलं पाणी ओढून स्वतः विरघळायला लागतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, ते तर ३३ टक्क्यांच्या आसपासच पाणी धरू लागतं. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि जून ते सप्टेंबर आर्द्रता ८० टक्क्यांच्या खाली क्वचितच येते. तेव्हा बरणीतलं मीठ ओलं होतं तसंच डॉकच्या पोर्टमध्ये बसलेलं मीठही ओलं होतं, आणि मिठाचं पाणी वीज वाहून नेतं.

वेंगुर्ल्याच्या एका घरातल्या डॉकची केबल काढून मी तिचं टोक भिंगाखाली धरलं होतं. बाकीच्या पिना पिवळ्याधमक होत्या. विजेची एक पिन मात्र काळपट पडलेली आणि मुळाशी हिरवट. यामागे साधं रसायनशास्त्र आहे: ओलसर मिठाच्या थरातून धन टोकाकडचा धातू विरघळतो, आणि तांब्याचे क्षार हिरवे दिसतात. पिनेवरचा सोन्याचा मुलामा साधारण एक मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो. त्यात सूक्ष्म छिद्रं असतात, त्याखाली निकेल आणि त्याखाली तांबं. एकदा छिद्रातून ओल आत गेली की मुलामा वरून चांगला दिसला तरी खालून पोखरला जातो. शेजारच्या पिनेवर थोडी वीज झिरपली तरी वाटाघाटीचे निरोप गढूळ होतात.

यातून एक निरीक्षण उलगडतं. पुष्कळ ठिकाणी मॉनिटर सकाळी जास्त जातो आणि दुपारनंतर सुधारतो. २७ अंशाला ९० टक्के आर्द्रता असलेली हवा फक्त ३३ अंशांपर्यंत तापवली, तर तिची सापेक्ष आर्द्रता साधारण ६४ टक्क्यांवर येते, म्हणजे साध्या मिठाच्या ७५ टक्क्यांच्या रेषेखाली. चालू डॉकच्या पोटातली ऊब एवढं सहज करते. रात्री सगळं बंद करून ठेवलेला डॉक मात्र सकाळी गार आणि ओला असतो, आणि त्याच अवस्थेत त्याच्यावर २० व्होल्ट येतात. म्हणून पावसाळ्यात डॉकचा अ‍ॅडॉप्टर चालू ठेवून फक्त लॅपटॉपकडची केबल काढावी असं मी सुचवतो. पलीकडे काही जोडल्याचं कळेपर्यंत यूएसबी-सीच्या विजेच्या पिनांवर व्होल्टेज येतच नाही, त्यामुळे डॉक उबदार राहतो आणि मोकळं टोक निर्धोक. केबल रोज काढली-घातली तर पिना एकमेकींवर घासून थोड्या स्वच्छही होतात. हा जोड १० हजार वेळा काढण्या-घालण्यासाठी बनवलेला असतो, तेव्हा झिजेची काळजी नको. विजा चमकत असतील तर मात्र सगळी जोडणी भिंतीपासूनच काढावी. मे-जूनच्या वळवाला आणि ऑक्टोबरच्या संध्याकाळींना याला अपवाद नाही.

दुसरा संशयित म्हणजे लाईट. लॅपटॉपला बॅटरी असते, डॉकला नसते. माडाची झावळ तारेला घासली किंवा विहिरीवरचा पंप सुरू झाला की दिवे क्षणभर मंद होतात, कारण मोटर सुरू होताना नेहमीच्या कित्येक पट करंट ओढते. लॅपटॉपला हे कळतही नाही. डॉकच्या अ‍ॅडॉप्टरला तो क्षण आपल्या कपॅसिटरमधल्या साठ्यावर काढावा लागतो. साध्या अ‍ॅडॉप्टरमध्ये हा साठा व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे बदलतो. २३० ऐवजी १८० व्होल्ट असतील तर तो जवळजवळ ४० टक्क्यांनी कमी. त्यात लॅपटॉप जोरात चार्ज होत असेल तर उरलेला साठाही लवकर संपतो. संगणकाच्या उपकरणांनी ५० हर्ट्‌झच्या एका आवर्तनाएवढा, म्हणजे २० मिलिसेकंदांचा खंड सोसावा अशी उद्योगातली रूढ अपेक्षा आहे. घरगुती इन्व्हर्टर साध्या मोडवर असेल तर बदल व्हायला त्याहून जास्त वेळ लागू शकतो. बहुतेक इन्व्हर्टरना मागे किंवा पुढे एक यूपीएस मोडचं बटण असतं. ते दाबून, डॉक आणि मॉनिटर दोन्ही त्याच लाइनवर घेऊन पाहावं. ही चाचणी फुकट आहे, म्हणून सगळ्यात आधी करावी.

आता दोष ओळखायचा कसा? मॉनिटर गेला त्या क्षणी त्याच्याबरोबर आणखी काय गेलं, हे बघायचं. चार्जिंगची खूण गेली, माउस अडकला, डॉकमधून येणारं नेटही तुटलं आणि सगळं एकदम परत आलं, तर डॉकची वीज किंवा ती पाचवी पिन. वाटाघाटी मोडल्या की लॅपटॉप आणि डॉक सगळं शून्यावर आणून नव्याने सुरू करतात. चार्जिंग आणि माउस शाबूत, पण डॉकवरचे दोन्ही मॉनिटर एकदम गेले, तर लॅपटॉप ते डॉक ही केबल. दोनांतला एकच गेला, तर डॉकपासून त्या मॉनिटरपर्यंतची तार किंवा मॉनिटर स्वतः. काळं होण्याआधी ठिपके चमकले असतील तर वेगवान तारांवर नजर ठेवावी.

वेगवान तारांसाठी सोपी परीक्षा आहे: फोर-के मॉनिटर ६० हर्ट्‌झवरून ३० वर आणायचा. डॉकमधून वेगवान यूएसबीही चालत असेल तर चित्राला जोडातल्या चार वेगवान मार्गांपैकी दोनच मिळतात. सेकंदाला ८.१ गिगाबिटच्या अशा दोन मार्गांतून प्रत्यक्ष उपयोगी पडतात सुमारे १२.९६ गिगाबिट, आणि कॉम्प्रेशन नसेल तर फोर-के ६० हर्ट्‌झला लागतात साधारण १२.८. जेमतेम बसतं, आणि त्यासाठी तार सर्वात वरच्या वेगाने पळवावी लागते. ३० हर्ट्‌झवर लॅपटॉप बहुधा खालचा वेग निवडतो. तसं केल्यावर त्रास थांबला, तर केबल बदला: लांबी मीटरभर किंवा कमी, आणि पूर्ण क्षमतेची.

सॉफ्टवेअरची बाजू थोडक्यात. विंडोजमध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड (वापरात नसलेलं यूएसबी उपकरण झोपवण्याची सोय) बंद करून पाहा, डॉकचं फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आतलं सॉफ्टवेअर, अद्ययावत करा, मॉनिटरच्या मेनूतली डीप स्लीप आणि आपोआप इनपुट शोधण्याची सोय बंद करा. डिस्प्लेलिंक जातीचा डॉक असेल तर चित्र यूएसबी डेटा म्हणून जातं, तिथे ड्रायव्हर आधी तपासावा. मॅकवर दोन्ही मॉनिटरवर एकच चित्र दिसत असेल तर तो बिघाड नव्हे. एका प्रवाहातून दोन स्वतंत्र पडदे काढण्याची एमएसटी ही पद्धत मॅक वापरत नाही.

साफसफाईत एक मेख आहे. आयसोप्रोपिल अल्कोहोलने तेलकटपणा निघतो, पण मीठ त्यात जवळजवळ विरघळत नाही. मीठ काढायला पाणीच लागतं, तेही क्षार नसलेलं. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतो ते डिस्टिल्ड वॉटर चालेल. डॉक भिंतीपासून आणि लॅपटॉपपासून पूर्ण काढा, मऊ ब्रश त्यात ओलसर करून झटका, केबलच्या टोकावर आणि पोर्टमध्ये हलक्या हाताने फिरवा, मग ९९ टक्क्यांचं अल्कोहोल लावून राहिलेलं पाणी बाहेर काढा आणि रात्रभर पंख्याखाली ठेवा. सुई, पॉलिशपेपर, खोडरबर यांपैकी काहीही नको, मुलामा तेवढाच उरलेला असतो. लॅपटॉपच्या पोर्टला हे करू नका. आत बॅटरी जोडलेली असते, ते काम दुरुस्तीवाल्याचं.

हिरवटपणा एकदा दिसला असेल तर केबल साफ करूनही फार दिवस टिकत नाही, ती बदलायचीच. नव्या केबलवर, यूपीएसवर आणि ३० हर्ट्‌झवरही डॉक तसाच वागला, तर दोष त्याच्या आतल्या बोर्डावर आहे. सर्व्हिस सेंटरला जाताना दोन-तीन दिवसांची नोंद बरोबर न्या: वेळ, तेव्हा चार्जिंग गेलं की नाही, मॉनिटर एक गेला की दोन्ही, दिवे मंद झाले होते का. एवढं कागदावर असेल तर 'आमच्याकडे लावला तेव्हा चालला' या उत्तरावर बोळवण होत नाही.